जुन्या फोनमधला आकडा

माझी मुलगी तिचा जुना फोन टाकायला तयार नव्हती. काच एका कोपऱ्यात तडकलेली, मागचं झाकण सैल. आमच्या गल्लीत बाई यायची, जुने मोबाइल घ्यायची आणि स्टीलचा डबा द्यायची. मी म्हटलं, दे तिला, मला पिठाला डबा होईल.

"नाही गं आई. ह्याला मी नोकरीला लावणारे."

"फोनला?"

"हां. बिटकॉइनचा नोड चालवणार ह्याच्यावर."

बिटकॉइन हे नाव मी ऐकलं होतं. समोरच्या फ्लॅटमधले भाईसाब त्यात पैसे घालून बसले होते, आणि त्यांची बायको महिनाभर त्यांना नुसती खिचडी वाढत होती. मी घाबरले. विचारलं, किती घातलेस खरं सांग.

"एक रुपया नाही. ह्यात पैसे नसतातच. हा नुसता तपासनीस आहे." मग तिनं मला समजावलं, लहान मुलाला समजवावं तसं. जगात कोणी कोणाला हे बिटकॉइन दिलं की त्याची नोंद होते. साधारण दर दहा मिनिटांनी नव्या नोंदींचा एक गठ्ठा येतो. तो खरा आहे की त्यात कोणी लबाडी केलीय हे हा फोन बघणार. असे हजारो जण जगात बघत बसलेले असतात, त्यात एक आपला.

"पगार किती?"

"फुकट."

"मग माझ्यासारखाच की."

ती खूप हसली. तिचं हसणं मोठं होतं, बाईमाणसाला शोभत नाही असं माझी सासू म्हणायची. मला आवडायचं.

मी चौथी शिकले. लग्न होऊन दिल्लीला आले तेव्हा मला हिंदी येत नव्हती. नवरा पहाडगंजात एका ठोक दुकानात होता, पानिपतहून चादरी-ब्लँकेटांचे गठ्ठे घेऊन यायचा. असाच एकदा गठ्ठे उतरवताना पडला, उठलाच नाही. मुलगी आठवीत होती, तिथल्याच मराठी शाळेत. गावी परत ये म्हणाले सगळे. मी नाही गेले. चाळीस माणसांच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला लागले, सकाळी दोनशे आणि संध्याकाळी दोनशे. तिला शिकवलं. ती कॉम्प्युटरमध्ये गेली, मग आम्ही द्वारकेला आलो, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत. तिचं लग्न झालं आणि मोडलं, ते मी सांगत नाही, तिला आवडायचं नाही. मग आम्ही दोघीच.

तर तो फोन. पहिले तीन आठवडे तो नुसता तापून बसलेला असायचा. मी विचारलं, हा करतोय काय एवढं? म्हणाली, "पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी एकेक करून तपासतोय. हा कोणाच्या सांगण्यावर जात नाही. कितीही मोठा माणूस येऊन सांगू दे, स्वतः बघितल्याशिवाय बरोबर म्हणणार नाही."

"तुझ्या आजीसारखा. मी आमटीत मीठ घातलंय म्हटलं तरी चाखून बघायची."

"बिल्कुल! आजीच बसवलीय मी ओट्यावर."

खरंच ओट्यावरच ठेवला होता, खिडकीजवळ, ताटल्यांच्या स्टँडमध्ये उभा करून. शेजारी हाताएवढा पंखा. चार्जरची वायर सदा लावलेली. पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं धावायची, ती मला कळायची नाहीत. म्हणून तिनं माझ्यासाठी असं करून दिलं की फक्त आकडा दिसेल, मोठा, सहा आकडी. नवा गठ्ठा तपासून झाला की आकडा एकानं पुढे. इंग्रजी आकडे मला येतात, बसच्या नंबरांवर शिकलेय. पोळ्या लाटताना माझी नजर त्याच्यावर जायची. कधी दोन मिनिटांत पुढे सरकायचा, कधी अर्धा तास हलायचा नाही. मग मी त्याला म्हणायची, काय बाई, डुलकी लागली का?

त्या हिवाळ्यात तिला ताप यायला लागला. यायचा, जायचा. पायांवर निळे डाग. मला म्हणाली मेट्रोत धक्के लागतात. मी मानलं. मग रक्त तपासलं आणि एका दिवसात सगळं बदललं. रक्ताचा कॅन्सर. औषधं झाली, केस गेले, थोडी बरी झाली, पुन्हा वाढलं. मे महिन्यात डॉक्टर म्हणाले आता काचेच्या खोलीत ठेवावं लागेल, एकटीला. हवासुद्धा गाळून देतात तिथं. जवळ कोणी थांबायचं नाही, आठवड्यातून एकदा काचेबाहेरून बघायचं. आणि घरचं अन्न बंद.

मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "मैं साफ बनाती हूँ, गरम-गरम लाऊँगी."

त्या म्हणाल्या, "माताजी, एक दाना भी नहीं."

आयुष्यभर मी लोकांच्या पोरांना खायला घातलं. मला दुसरं काही येत नाही. कोणी आजारी पडलं तर पेज, कोणी रडलं तर शिरा. आणि माझ्या पोरीला मी एक घास द्यायचा नाही. घरी आले, कणीक मळायला घेतली, मळून झाल्यावर कळलं की मी एकटीच आहे.

जायच्या आदल्या दिवशी तिनं मला ओट्यापाशी उभं केलं. डोक्याला रुमाल बांधलेला. म्हणाली, "आई, हे तुझं काम. ह्याला थांबू द्यायचं नाही. वायर निघाली तर लावायची, पंखा बंद पडला तर बघायचा, तापू द्यायचा नाही. मी रोज अकरा वाजता फोन करीन, तू मला आकडा सांगायचा."

"दुसरं काही करू तुझ्यासाठी?"

"एवढं कर. मन लावून कर, हं. मेसमध्ये करायचीस तसं."

मी मन लावून केलं. सकाळी अंघोळ झाली की आधी त्याच्यावरची धूळ फडक्यानं टिपायची. दहा वाजल्यापासून मी तयार बसलेली असायची, चष्मा लावून. अकराला तिचा फोन यायचा.

"बोल आई, आजी काय म्हणतेय?"

मी एकेक आकडा वाचायची. ती म्हणायची, "बरोबर." कधी म्हणायची, "शाबास." एकदा म्हणाली, "अगं आई, कालच्या अकरापासून एकशे साठ झाले, आज जोरात आहे तुझी सासू." मी विचारलं, रोज किती होतात? म्हणाली, एकशे चाळीस, पन्नास, त्याच्या आत-बाहेर. मी ते दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहून ठेवायला लागले, जिथं लोक दुधाचं लिहितात तिथं. आमचं दूध ती दवाखान्यात गेल्यापासून मी बंद केलं होतं, चौकटी रिकाम्याच होत्या.

आजाराचं आम्ही फारसं बोलत नव्हतो. तिथंही आकडेच होते, पांढऱ्या पेशी इतक्या, प्लेटलेट इतके. ते खाली खाली चालले होते. डॉक्टरीणबाई मला फोनवर सांगायच्या, मी हां जी, हां जी म्हणायची. मनात धरून बसले होते की निदान माझ्याकडचा तरी वाढतोय. रोज वाढतोय. तो वाढतोय तोवर काही होणार नाही. असं काही नसतं हे मलाही कळतं. पण धरलं होतं.

दिल्लीचा उन्हाळा काय सांगायचा. एका आठवड्यात तर लू सुटली होती, भाजून काढणारं गरम वारं, नळाचं पाणी हाताला चटका देत होतं. एक दिवस मोठी आंधी आली, सगळ्या घरात रेती, आणि त्या छोट्या पंख्यात ती रेती गेली. घरघरला आणि थांबला. मी फोनला हात लावला तर तवा. छताच्या पंख्याखाली आणून ठेवला, तरी उतरेना. तिनं सांगितलं होतं, तापू द्यायचा नाही. तिला फोन करावा, तर ती त्या दिवशी बोलण्याच्या अवस्थेत नव्हती. सकाळी दोन शब्द बोलून तिनं फोन ठेवला होता. तिलाही ताप होता, एकशे तीन.

मग मी काय केलं? तापाला जे करतात तेच केलं. वाडग्यात पाणी घेतलं, त्यात मीठ घातलं, जुन्या धोतराचं मऊ फडकं भिजवलं, चांगलं पिळलं, घडी केली आणि त्याच्या पाठीवर ठेवली. तिच्या लहानपणी अशा घड्या मी रात्ररात्र ठेवल्यात. घडी गरम झाली की बदलायची. दोन-तीनदा बदलली. फोन गार पडायला लागला. मला इतकं बरं वाटलं. वाटलं, तिथं तिच्या कपाळावर मला हात ठेवता येत नाही, इथं हे तरी झालं. आणि मी तिथंच जमिनीवर आडवी झाले. कितीतरी दिवसांनी झोप लागली.

उठले तेव्हा चार वाजले होते. फोन थंडगार होता. आकडा नव्हता. पडदा काळा.

वायर काढली, लावली. बटण दाबलं, धरून ठेवलं. समोरची भाभी आली, म्हणाली, "आंटीजी, चावल में डाल दो, पानी सोख लेगा." तांदळाच्या डब्यात घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी काढला, काही नाही. ओढणीत गुंडाळून मेट्रोखालच्या दुकानात घेऊन गेले. मिस्त्रीनं उघडला, भिंग लावून बघितलं.

"अम्मा, इसमें पानी तो है ही, ये सफेद-सफेद क्या है? नमक है क्या?"

मी म्हटलं, "हाँ."

"नमक क्यों डाला?"

"बुखार था," मी म्हटलं. त्यानं भिंग खाली ठेवलं. मग म्हणाला, बोर्ड गेला, ह्याचं आता काही होणार नाही, दुसरा घ्या. मी म्हटलं, दुसरा नको. तोच उचलला आणि निघाले. बाहेर पडले तेव्हा अकराला पाच कमी होते. मेट्रोच्या खांबाच्या सावलीत मी उभी राहिले.

फोन आला. आवाज अगदी बारीक. "आई. आकडा?"

मला सांगायचं होतं. तोंड उघडलं होतं. पण तिचा श्वास मला ऐकू येत होता, शिट्टीसारखा. एकच काम दिलं होतं तिनं. कालचा आकडा मला पाठ होता. त्यात मी एकशे चव्वेचाळीस मिळवले, मनातल्या मनात, आणि एकेक करून सांगितला.

तिनं एक लांब श्वास ओढला. मग म्हणाली, "बरोबर."

असे एकोणीस दिवस गेले. रोज सकाळी मी दिनदर्शिकेत आधीच्या चौकटीतला आकडा बघून त्यात मिळवायची. कधी एकशे चाळीस, कधी एकशे छप्पन्न, रोज एकसारखं नको, तिला शंका येईल. माझं गणित कच्चं, बोटांवर दोन-दोनदा करायची. मेलेला फोन मी पुन्हा ताटल्यांच्या स्टँडमध्ये उभा करून ठेवला होता. त्याच्याकडे बघून सांगायची, म्हणजे आवाजात खोटं येणार नाही. आयुष्यात मी खोटं बोलले नाही असं नाही. पोळी कमी पडली की जेवलेय म्हणून सांगणं, ते सगळ्याच करतात. पण रोज अकरा वाजता, ठरवून, असं कधी नव्हतं केलं.

एक दिवस मी चुकले. वरच्या ओळीतली चौकट बघितली आणि आदल्या दिवशीपेक्षा कमी आकडा सांगितला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं. तिच्या लक्षात आलं असणार, ती अशा गोष्टी सोडणारी नव्हती. पण ती "बरोबर" म्हणाली होती. मला वाटलं, औषधांची गुंगी असेल.

त्याच दिवशी दुपारी तिची ऑफिसातली मैत्रीण दारात. पुण्याची मुलगी, इथं नोकरीला. पपई आणि दही घेऊन आली. "सहज आले, काकू. जवळच काम होतं." द्वारकेच्या ह्या टोकाला भर उन्हात कोणाला काम असतं? ओट्याकडे जायला लागली तर मी आडवी उभी राहिले, म्हटलं तू बस, मी देते पाणी. तिनं मला जेवायला लावलं. कधी जेवलात शेवटचं, विचारलं. मला आठवेना.

काचेतून बघायला मी त्या सगळ्या दिवसांत तीनदा गेले. ती हात हलवायची. तिसऱ्यांदा हात थोडाच उचलला.

शेवटचा फोन नर्सनं लावून दिला. "दो मिनट, माताजी. ज़्यादा मत बुलवाना, साँस फूलती है." मग नुसता श्वास. बराच वेळ. मी म्हटलं, "बाळा, मी आहे." ती म्हणाली, "आकडा."

मी सांगितला. सहाही आकडे, सावकाश, एक एक.

"बरोबर," म्हणाली.

मग नर्सनं फोन घेतला. पुढचं पहाटे झालं. मला सकाळी कळवलं.

रडायचं ते मी माझ्या वेळेला रडले, ते इथं नको. गावाहून दीर आले, पुतण्या आला. पुतण्यानं ओट्यावरचा फोन बघितला आणि हळूच म्हणाला, "काकी, ह्यात तिचे बिटकॉइन असतील, करोडो असतील, नीट बघायला हवं." मी म्हटलं, ह्यात काही नाही. त्याला पटलं नाही. त्यानं उलटापालटा करून ठेवून दिला.

तेराव्याला ती मैत्रीण आली. सगळे गेल्यावर थांबली, माझ्याबरोबर भांडी पुसली. तिला बघून मला वाटलं, हिला सांगावं. कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नव्हतं. फोन तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "पोरी, मी तिला फसवलं. हा बंद होता. माझ्याच हातानं बंद पडला, मिठाच्या घडीनं. आणि शेवटपर्यंत मी तिला खोटे आकडे सांगितले."

तिनं फोन दोन्ही हातांत धरला. म्हणाली, "माहितीये काकू."

"तुला?"

"तिनं सांगितलं होतं. हा बंद पडला ते तिला त्याच संध्याकाळी कळलं. तिच्या मोबाइलवर दिसायचं ना सगळं. खरा आकडासुद्धा दिसायचा तिला, आधीपासून, तुम्ही सांगायच्या आधी."

मी म्हटलं, "मग विचारायची कशाला?"

तिनं पुसलेलं ताट पुन्हा पुसलं. "म्हणायची, आईला माझ्यासाठी स्वयंपाक करता येत नाहीये. तिच्या हाताला काही नसलं तर ती बसेल कशी." मग म्हणाली, "ज्या दिवशी तुम्ही कमी आकडा सांगितला ना, त्या दिवशी मला मेसेज आला, आई दमलीये, जेवत नसणार, जाऊन ये."

मी विचारलं, "हा बंद कशानं पडला, ते होतं का तिला माहीत?"

"नाही. ते नव्हतं. मला म्हणाली होती, काहीतरी केलं असणार आईनं. सांगेल कधीतरी."

फोनची बॅटरी फुगली होती. ती म्हणाली, हा घरात ठेवू नका काकू, आग लागते अशानं. मी म्हटलं, घेऊन जा. तिनं तो पिशवीत घातला. म्हणाली, माझ्याकडे एक जुना फोन आहे, त्यावर करून देऊ का सुरू, सगळं पुन्हा येतं, जगात सगळ्यांकडे आहे ते. मी नको म्हटलं. तिला वाईट वाटलं असेल. पण मला तो आकडा कोणाला सांगायचा आहे?

तिला कळलं होतं म्हणून मला लाज नाही वाटत. पोरीला आईचं खोटं कळायचंच. मला दुसरंच लागतं. तिच्याकडे श्वास मोजकेच उरले होते. त्यातला एक ती रोज माझ्या खोट्यावर घालवत होती, बरोबर म्हणून. आणि मी इकडे ओट्यापाशी बसून आकडे जुळवत होते.

त्या पहिल्या दिवशीच, मेट्रोच्या खांबाखाली, मी सांगून टाकायला हवं होतं. अगं, त्याला ताप आला म्हणून मिठाच्या पाण्याची घडी ठेवली मी. एवढंच. धाप लागली असती तिला, नर्स ओरडली असती, पण ती हसली असती. तसं मोठ्यानं. एकोणीस दिवस ती वाट बघत होती मी सांगेन म्हणून, आणि मी तिला हसवलं नाही.